‘डाउट’ नकाराकडे, ‘सस्पेक्ट’ होकाराकडे: शंका आणि संशयाचे इंग्रजी शब्द

प्रश्न परभणीहून आला आहे. विचारणाऱ्या ताई एका बँकेच्या शाखेत काम करतात. एका चेकवरची सही त्यांना खोटी वाटली, म्हणून त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला इंग्रजीत कळवलं: ‘आय डाउट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड.’ तिकडून उलट विचारणा आली, की सही खोटी नाही असं तुम्हीच लिहिता, मग चेक अडवून का ठेवला? ताईंचं म्हणणं असं, की ‘सही खोटी असल्याची मला शंका आहे’ हेच तर मी लिहिलं होतं. मग बिनसलं कुठे? आणि डाउट, सस्पेक्ट, सस्पिशस, डाउटफुल, ड्युबियस, स्केप्टिकल या सगळ्यांतला कोणता शब्द कधी वापरायचा?

मी लातूरला बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता छत्रपती संभाजीनगरात कोर्टाच्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करतो. १९८१ पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठवाड्यातल्या पोलीस ठाण्यांतून आणि खालच्या कोर्टांतून येणारे पंचनामे, जबाब, फिर्यादी इंग्रजीत न्याव्या लागतात. त्या कागदांत शंका आणि संशय पानोपानी असतात, आणि तिथे शब्द हुकला तर एखाद्या माणसाच्या म्हणण्याचा अर्थच पालटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही, ताई. अडचण आहे ती अर्थ कुठल्या बाजूला कलतो याची. इंग्रजीत ‘आय डाउट दॅट’ म्हटलं की पुढे जे येईल ते बोलणाऱ्याला पटलेलं नाही, असं ऐकणारा धरून चालतो. म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘सही खोटी असेल असं मला काही वाटत नाही.’ ‘सस्पेक्ट’चं बरोबर उलटं. ‘आय सस्पेक्ट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड’ म्हणजे ‘हातात पुरावा नाही, पण सही खोटीच असावी.’ पहिला शब्द नकाराकडे झुकतो, दुसरा होकाराकडे. बाकीच्या सगळ्या शब्दांचा उलगडा इथूनच होतो, म्हणून एवढं पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपली फसगत का होते? मराठी ‘शंका’ दोन्हीकडे चालते. ‘तो येतो का नाही, शंकाच आहे’ म्हटलं की न येण्याकडे कल. ‘त्यानेच नेलं असेल अशी शंका आहे’ म्हटलं की नेल्याकडे कल. कल कुठे आहे ते आपण ‘का नाही’ आणि ‘असेल’ यांवरून आपोआप ओळखतो, शब्दाकडे लक्षही जात नाही. इंग्रजीत मात्र ते काम क्रियापदालाच करावं लागतं. तिथे शंकेला ‘डाउट’ असा एकच शब्द शाळेपासून घोकलेला असला, की निम्म्या वेळा वाक्य उलटं पडतं.

आता तुमचंच वाक्य नीट कसं करायचं ते बघू, कारण त्यातच बरंच शिकण्यासारखं आहे. सरळ उपाय म्हणजे ‘आय सस्पेक्ट द सिग्नेचर इज फोर्ज्ड.’ पण ‘डाउट’ ठेवायचाच असेल तर पुढची गोष्ट बदला: ‘आय डाउट द जेन्युइननेस ऑफ द सिग्नेचर.’ सही अस्सल आहे हे मला पटत नाही, असा त्याचा अर्थ. दोन्ही वाक्यं शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. एकात खोटेपणावर सस्पेक्ट आहे, दुसऱ्यात खरेपणावर डाउट. प्रामाणिकपणाबद्दल ‘डाउट’, लबाडीबद्दल ‘सस्पेक्ट’. याहून मवाळ हवं असेल तर नाम वापरा आणि अनेकवचनात वापरा: ‘आय हॅव्ह डाउट्स अबाउट द सिग्नेचर.’ इथे कल सांगावाच लागत नाही, नुसतं मन स्वच्छ नाही एवढंच कळतं. पण बँकेच्या लेखी कारभारासाठी माझं मत विचाराल तर मनातलं लिहूच नका, डोळ्यांना दिसलेलं लिहा: ‘द सिग्नेचर डझ नॉट मॅच द स्पेसिमेन ऑन रेकॉर्ड.’ नमुन्याशी सही जुळत नाही. उद्या चौकशी लागली तर हे वाक्य तुमच्या बाजूने उभं राहील. खोटी सही करणं हा गुन्हा आहे, आणि कुणावर गुन्ह्याचा संशय कागदावर आणताना आपण पाहिलं किती आणि ताडलं किती, हे वेगळं ठेवावं.

घरबसल्या करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. मराठवाड्याच्या बोलीत या कामासाठी दोन शब्द अजून जिवंत आहेत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि त्या काळाचा ‘शक’ अजून गावोगाव ऐकू येतो: ‘मला त्याचा शक येतोय.’ दुसरा ‘वहीम’. जुन्या माणसांच्या तोंडी आणि पोलिसांच्या कागदांत ‘माझा वहीम अमक्यावर आहे’ असं सापडतं. हे दोन्ही शब्द फक्त होकाराकडे झुकतात. ‘तो वेळेवर येईल याचा मला वहीम आहे’ असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा इंग्रजी लिहिण्याआधी आपलं वाक्य मनात घोळवून बघा. तिथे ‘शक’ किंवा ‘वहीम’ शोभत असेल तर ‘सस्पेक्ट’ घ्या. ‘मला नाही वाटत’ शोभत असेल तर ‘डाउट’ घ्या. लातूरला मुलांना मी हेच करायला लावत असे. नियम पाठ करणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या कानात आजीची बोली होती, त्यांना ते लवकर जमायचं.

तुम्ही बँकेत आहात, तर हा फरक तुमच्या रोजच्या फायलींतही आहे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं (पीककर्जाचा हिशोब वेगळा, तो हंगामावर चालतो). त्या खात्याला आधी ‘सब-स्टँडर्ड’ म्हणतात आणि त्या वर्गात १२ महिने गेले की ‘डाउटफुल’. ‘डाउटफुल’ का? पैसे परत येतील असं वाटत नाही म्हणून. कर्जदार लबाड आहे असा त्याचा अर्थ नाही. सोयाबीन पाण्यात गेलेला सरळमार्गी शेतकरीही ‘डाउटफुल’ खात्यात असू शकतो. दुसरीकडे २००२ च्या मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) कायद्याखाली बँका फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या केंद्र सरकारच्या यंत्रणेला जो अहवाल देतात तो ‘सस्पिशस’ ट्रान्झॅक्शनचा. ज्या खात्यात महिन्याला चार-पाच हजारांची उलाढाल, त्यात एका आठवड्यात लाखो रुपये येऊन लगेच बाहेर गेले, तर इथे पैसे येतील का हा प्रश्नच नाही. ते आलेलेच आहेत. इथे ‘काहीतरी काळंबेरं आहे’ याकडे कल आहे. या दोन फायलींची नावं अदलाबदल करून बघा, किती चुकीची वाटतात.

दवाखान्यातही तेच. डेंग्यूची लक्षणं दिसली पण रक्ताचा अहवाल यायचा आहे, तर ती ‘सस्पेक्टेड’ केस. मराठीत आपण तिला ‘संशयित रुग्ण’ म्हणतो. ‘डाउटफुल’ म्हटलं तर डेंग्यू नसावा असा सूर लागतो आणि पुढची तपासणी ढिली पडू शकते.

माझ्या कामात मात्र हा फरक खरा जाणवतो. निर्दोष सोडण्याच्या निकालांत अशा अर्थाचं वाक्य वारंवार येतं: ‘आरोपीवर दाट संशय निर्माण होतो, मात्र गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झालेला नाही, सबब आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येतो.’ एका वाक्यात ‘संशय’ तीनदा. इंग्रजीत पहिला ‘सस्पिशन’ होतो आणि पुढचे दोन ‘डाउट’: ‘स्ट्राँग सस्पिशन’, ‘बियाँड रीझनेबल डाउट’, ‘बेनिफिट ऑफ द डाउट’. कारण पहिला संशय आरोपीवरचा आहे, त्यानेच केलं असावं असा. पुढचे दोन सरकार पक्षाच्या कहाणीवरचे आहेत, ती पुरती पटत नाही असे. नवखा भाषांतरकार तिन्ही ठिकाणी ‘डाउट’ लिहितो आणि मग ‘स्ट्राँग डाउट अगेन्स्ट द अक्यूज्ड’ असं काहीतरी तयार होतं, ज्याचा इंग्रजी वाचणाऱ्याला धड अर्थच लागत नाही. सस्पिशन कितीही दाट असलं तरी ते पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे आपली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. हे तत्त्व इंग्रजीत नीट उभं राहतं ते या दोन शब्दांच्या फरकावरच.

आकस्मिक मृत्यूच्या फायलीतलं एक वाक्य तर मराठवाड्यात फार वेळा वाचावं लागतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पोलीस चौकशी करतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. त्यात बायकोचा, भावाचा किंवा बापाचा जबाब असतो आणि शेवटी ठरलेली ओळ असते: ‘मयताच्या मरणाबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही.’ हिचं ‘आय हॅव्ह नो डाउट ऑन एनीवन’ असं भाषांतर मी पाहिलेलं आहे. समजा जबाब बायकोचा आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ लागलाच तर तो असा, की त्या बाईचा सगळ्यांवर पूर्ण भरवसा आहे. ती तसं काहीच म्हणालेली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की या मरणामागे कुणाचा हात असेल असं मला वाटत नाही. ‘आय डू नॉट सस्पेक्ट एनीवन’ हे तिचं वाक्य. ज्या घरात माणूस गेला त्या घराच्या तोंडी आपण आपले शब्द घालू नयेत, याची काळजी भाषांतरकाराने घ्यायलाच हवी.

तशीच काळजी ‘चारित्र्याच्या संशयावरून’ या शब्दांत घ्यावी लागते. नवऱ्याने बायकोला मारल्याच्या बातम्यांत हे रोज येतं, आणि भारतीय इंग्रजी बातम्यांत त्याचं ‘डाउटिंग हर कॅरेक्टर’ होतं. ‘डाउटेड हर फिडेलिटी’ चालेल, कारण तिच्या निष्ठेवर त्याचा विश्वास नव्हता. ‘सस्पेक्टेड हर ऑफ हॅविंग ॲन अफेअर’ हेही चालेल. पण दोन्हींत एक गोष्ट सुटू नये: हा नवऱ्याचा संशय आहे, घडलेली गोष्ट नव्हे. ‘ही सस्पेक्टेड’ हे शब्द गाळून नुसतं ‘बिकॉज ऑफ हर अफेअर’ लिहिलं, की मारणाऱ्याच्या डोक्यातलं खूळ मेलेल्या बाईच्या माथी वस्तुस्थिती म्हणून बसतं.

‘सस्पेक्ट’च्या मागून काय यावं तेही बघून ठेवा. मराठीत संशय ‘त्याच्यावर’ असतो, म्हणून आपण ‘डाउट ऑन हिम’, ‘सस्पेक्ट ऑन हिम’ असं बोलून जातो. इंग्रजीत क्रियापदामागे काही लागत नाही: ‘आय सस्पेक्ट हिम.’ कशाचा संशय ते सांगायचं तर ‘ऑफ’: ‘सस्पेक्ट हिम ऑफ स्टीलिंग.’ ताब्यात घेतलं तर ‘ऑन सस्पिशन ऑफ थेफ्ट.’ आणि ‘आय डाउट हिम’ म्हणजे चोरीचा आळ नव्हेच. त्याच्या बोलण्यावर किंवा कुवतीवर विश्वास नाही, एवढंच. ‘आय ॲम डाउटिंग’, ‘आय ॲम सस्पेक्टिंग’ ही रूपंही टाळा. ही मनाच्या स्थितीची क्रियापदं आहेत, ती साध्या वर्तमानकाळातच बरी दिसतात.

उच्चारात एक बारकावा आहे. ‘डाउट’मधला ‘बी’ उच्चारायचा नाही. जुन्या इंग्रजीत तो लिहितही नसत. मूळ लॅटिन शब्दाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो नंतर स्पेलिंगमध्ये घातला. त्या लॅटिन शब्दाचं नातं ‘दोन’शी आहे, आपल्या द्विधा मनःस्थितीसारखं. ‘सस्पेक्ट’ क्रियापद असेल तर जोर दुसऱ्या अक्षरावर, आणि ‘संशयित माणूस’ या अर्थी नाम असेल तर पहिल्यावर. आणखी एक सांगून ठेवतो, कारण जुनं इंग्रजी वाचताना गोंधळ होतो: शेक्सपियरच्या काळात ‘आय डाउट’ म्हणजे ‘मला भीती वाटते की तसंच आहे’ असाही अर्थ होई, आणि स्कॉटलंडमध्ये तो अजून ऐकू येतो. म्हणजे एके काळी इंग्रजांचा ‘डाउट’ही आपल्या ‘शंके’सारखाच दोन्हीकडे वळत होता. आजच्या लेखी इंग्रजीत मात्र तो तसा वापरू नका.

‘सस्पिशस’ हा शब्द सांभाळून वापरावा लागतो, कारण इथे मराठी जास्त स्पष्ट आहे. आपल्याकडे संशय घेणारा तो ‘संशयी’, ज्याच्यावर संशय यावा तो ‘संशयास्पद’. इंग्रजीत दोघंही ‘सस्पिशस’. ‘ही इज सस्पिशस’ एवढंच लिहिलं तर तो माणूस संशय घेतोय का त्याच्यावर संशय आहे, कळायला मार्ग नाही. पहिल्या अर्थासाठी ‘सस्पिशस ऑफ’ लिहा, दुसऱ्यासाठी ‘लुक्स सस्पिशस’ किंवा ‘बिहेव्ह्ड सस्पिशसली’.

आता लातूरचा ‘डाउट’. बारावी आणि नीटसाठी अंबाजोगाईपासून उदगीरपर्यंतची मुलं तिथे येतात, आणि ‘लातूर पॅटर्न’मध्ये डाउट सेशन, डाउट काउंटर हे रोजचे शब्द आहेत. ‘सर, आय हॅव्ह अ डाउट’ म्हणजे ‘सर, मला हे कळलं नाही’. भारतभर हा अर्थ रुळलेला आहे, आणि भारतीय वर्गात तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाला ते ‘तुम्ही सांगताय ते मला पटत नाही’ असं ऐकू येतं. मुलाखतीत, परदेशी कंपनीशी बोलताना, शोधनिबंधाच्या पत्रव्यवहारात ‘आय हॅव्ह अ क्वेश्चन’ म्हणावं. खेड्यातून आलेल्या हुशार मुलांना यावरून कुणी हसलं की त्यांची इंग्रजी बोलायची हिंमत जाते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून शिक्षकांनी हे हसण्याआधीच सांगून टाकावं.

मराठीत संशयासाठी कित्येकदा ‘संशय’ शब्दाची गरजच पडत नाही, हे जबाब वाचताना रोज दिसतं. क्रियापदाचं टोकच सांगतं. ‘त्याने नेलं असेल’, ‘त्याने नेलं असावं’, ‘त्यानेच नेलं असणार’. पहिल्यात नुसती शक्यता, दुसऱ्यात काही आधारावर केलेला तर्क, तिसऱ्यात जवळजवळ खात्री. इंग्रजीत साधारण ‘माइट हॅव्ह’, ‘प्रॉबेबली’ आणि ‘मस्ट हॅव्ह’. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ यांच्यातलं अंतर फार मोठं असल्याचं बजावलं होतं. आरोपी दोषी ‘असू शकतो’ एवढ्याने भागत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’ असं दिसावं लागतं. म्हणून साक्षीदार ‘असावं’ म्हणाला असेल तर त्याचं ‘मस्ट’ करायचं नाही आणि ‘माइट’ही करायचं नाही. ‘आय सस्पेक्ट ही टूक इट’ हे ‘असावं’च्या बरंच जवळ जातं. आणि हो, ‘सस्पेक्ट’ला गुन्हाच लागतो असं नाही. ‘आय सस्पेक्ट यू आर राइट’ म्हणजे ‘तुमचंच बरोबर असावं’.

उरलेल्या शब्दांत ‘डाउटफुल’ आणि ‘ड्युबियस’ची गल्लत सगळ्यात जास्त होते. दोन्ही माणसाच्या मनालाही लागतात आणि वस्तूलाही. पण वस्तूला ‘ड्युबियस’ म्हटलं की त्यात लबाडीचा वास येतो. ‘डाउटफुल क्लेम’ म्हणजे टिकेल का सांगता येत नाही असा दावा. ‘ड्युबियस क्लेम’ म्हणजे ज्यात कुठेतरी पाणी मुरतंय असा. कार्यालयीन पत्रात ‘ड्युबियस’ लिहिण्याआधी थांबा, समोरच्याच्या नियतीवर बोट ठेवलं जातंय. बोलीत त्याच अर्थाचे ‘फिशी’ आणि ‘शेडी’ आहेत. व्यवहार ‘फिशी’, माणूस किंवा धंदा ‘शेडी’. पत्रात दोन्ही नकोत. मनात पाल चुकचुकते तिला ‘अ स्नीकिंग सस्पिशन’ चांगलं बसतं.

‘स्केप्टिकल’चा अर्थ ‘विश्वास न ठेवणारा’ असा देतात, तो मला अपुरा वाटतो. पुरावा दाखवा, मग मानतो, अशी ती वृत्ती. मराठीत ‘चिकित्सक’ म्हणतो त्याच्या जवळची. नांदेडला विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींनी ज्या रीतीने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवलं, त्या रीतीला ‘स्केप्टिकल’ म्हणणं हा गौरव आहे. ‘सिनिकल’ मात्र निराळा: जगात कुणीच स्वार्थाशिवाय काही करत नाही असं आधीच ठरवून बसलेला. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘स्केप्टिकल’ला के ऐवजी सी असतो, उच्चार तोच.

‘रिझर्व्हेशन्स’ हा शब्द आपल्याकडे आरक्षणाच्याच अर्थाने कानावर येतो, म्हणून सभेत कुणी ‘आय हॅव्ह सम रिझर्व्हेशन्स अबाउट धिस’ म्हटलं की मुलं गोंधळतात. प्रस्ताव एकूण मान्य, पण काही मुद्द्यांवर मन पूर्ण तयार नाही, असं त्याचं म्हणणं. नकार सभ्यपणे पुढे सरकवायला यासारखा शब्द नाही. ‘मिसगिव्हिंग्ज’मध्ये पुढे काही वाईट होईल अशी धाकधूक असते, आणि ‘क्वाम्स’मध्ये सदसद्विवेकाची टोचणी. ‘नो डाउट’ऐवजी पक्की खात्री सांगायची तर ‘विदाउट अ डाउट’ म्हणा. नुसतं ‘नो डाउट’ इंग्रजीत बरेचदा ‘असेलही, पण...’ असं सैल पडतं.

बातम्यांसाठी ‘अलेज्ड’, ‘रिपोर्टेडली’, ‘सो-कॉल्ड’ यांची गल्लत करू नका. कुणीतरी आरोप केलाय, सिद्ध झालेला नाही, तर ‘अलेज्ड’, मराठीत ‘कथित’. नुसतं असं कळतं, तर ‘रिपोर्टेडली’. ‘सो-कॉल्ड’ म्हणजे ‘तथाकथित’, त्यात लिहिणाऱ्याची नापसंती असते, म्हणून आरोपीला तो लावू नये. आणि आपला ‘म्हणे’ (‘तो म्हणे पुण्याला गेला’) इंग्रजीत नेताना अडला असाल तर ‘अपेरंटली’ घ्या. आपण स्वतः पाहिलेलं नाही, जबाबदारी घेत नाही, पण तसं ऐकलंय, एवढं सगळं त्यात येतं.

सरावासाठी एक सुचवतो. उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. खंडपीठाचा फौजदारी अपिलावरचा एखादा निकाल उघडा, शेवटची दहा-बारा परिच्छेदांची चर्चा वाचा, आणि ‘सस्पिशन’, ‘सस्पेक्ट’, ‘डाउट’ जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने खूण करून शेजारी मराठीत लिहा: कुणाचा, कशावर, आणि कल कुठे. पहिले एक-दोन निकाल जड जातील. लहान शब्दकोशात ‘डाउट’समोर ‘शंका, संशय’ एवढंच छापलेलं असतं, त्याने काम भागणार नाही. उदाहरणाची वाक्यं देणारा, शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ ठेवा आणि अर्थाआधी ती वाक्यं वाचा.